बघून ठेवलेली जागा

गाडी गावात शिरली न शिरली तोच कोणीतरी ओरडलं, "हापसेवाले आले!"

ओरडणाऱ्याची काही चूक नव्हती. गाडी त्या सगळ्या पट्ट्यात ओळखीची. बुटका निळा टेम्पो, दारावर पिवळ्या रंगात काढलेला हापसा आणि त्याच्या तोंडातून गळणारा एकच थेंब. चित्र मालकाने स्वतःच रंगवलेलं, त्यामुळे थेंब लिंबासारखा दिसायचा. मागच्या हौद्यात पाने, साखळ्या, दोरखंड आणि पाइप उचलायची लोखंडी तिपाई. चाक खड्ड्यात गेलं की हे सगळं एकदम खणखणायचं आणि त्या आवाजावर बाया घरातून बाहेर यायच्या. तशा त्या आजही आल्या.

दार उघडून उतरली ती हापसेवाल्याची लेक. किडकिडीत, चाळिशीकडे झुकलेली, सकाळपासून गाडी चालवून पाठ आखडलेली. ती उतरली तरी जमलेल्यांच्या माना तिच्यामागे गाडीतच डोकावत राहिल्या.

"बाबा कुठायत?"

"बाबा गेले," ती म्हणाली. "थंडीत. खोकल्याचं निमित्त झालं."

हे वाक्य तिने रस्त्याने घोकून ठेवलं होतं. बाया हळहळल्या. एकीने तोंडावर हात ठेवला. दुसरी म्हणाली, "अरे देवा. मग आता आमच्या हापशाचं काय?"

लेकीला राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. "मी दुरुस्तीला नाही आले हो. जागा बघायला आलेय. घरासाठी."

हापसेवाल्याने सगळी हयात दुसऱ्यांच्या दारात पाणी काढण्यात घालवली आणि स्वतः राहिला भाड्याच्या दोन खोल्यांत, जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एक नळ. महिन्यातले वीसेक दिवस गाडीवर. घरी आला की जेवता जेवता सांगायचा, "जागा बघून ठेवलीय." कुठे म्हणून विचारलं तर म्हणायचा, "सगळं जुळू दे, मग दाखवतो." आई ताट उचलून आत जायची. पोरं हसायची. पुढे पोरं मोठी झाली, मुलगा लांबच्या शहरात गेला, लेक आईबापांजवळच राहून रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली, आणि जागा बघून ठेवलेलीच राहिली. मग तो गेला, जागा कुठे ते न सांगताच.

वर्ष फिरायच्या आत खोल्यांच्या मालकाला खोल्या हव्या झाल्या. दादा म्हणाला, आई माझ्याकडे येईल. दादाकडे आई एकदा महिनाभर राहून आली होती. वहिनी वाईट नव्हती, पण त्या घरात पडदा बाजूला करायचा तरी आई आधी विचारायची, "करू का गं?" परत आल्यावर आई आठवडाभर दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसली होती. आता ती एवढंच म्हणाली, "ह्यांनी बघितलेली जागा सापडली तर तिथे जाईन. नाहीतर आहेच दादा." रविवारी दादा तिला न्यायला येणार होता. लेकीने आठवडाभर सुट्टी टाकली, टेम्पोवरची ताडपत्री काढली आणि एकटीच निघाली.

घोळक्यातून एक दुकानदार पुढे आला. पोट सुटलेला, कानाला पेन्सिल. "जागा म्हणता? अहो, मग बरोब्बर ठिकाणी आलात की! तुमच्या वडिलांनी जागा बघून ठेवलीय इथे."

लेकीच्या हातातली किल्ली खाली पडली.

"माझ्याच दुकानामागची. हापसा दुरुस्त केला, ओंजळभर पाणी प्यायले आणि मला म्हणाले, शेठ, इथं घर बांधायला हरकत नाही. ह्या कानांनी ऐकलंय."

दुकानामागे खरंच जागा होती. काळी, सपाट, पलीकडे बाभळींची रांग आणि रांगेपलीकडे ओढा. लेक मधोमध जाऊन उभी राहिली. वारा चांगला होता. बाबा इथेच उभे राहिले असतील, डावा हात कमरेवर ठेवून, कारण त्यांची डावी बाजू कायम दुखायची. तिने तिथूनच आईला फोन लावला.

"आई, सापडली."

पलीकडून आई म्हणाली, "पाणी कसंय?"

"हापसा बंद आहे सध्या. पण ओढा आहे."

"बरं. आणि हे बघ, मागे हौद्यात माझी ठिपक्यांची चादर आहे का बघ. कधीपासून सापडत नाहीये. ह्यांनीच नेली असणार काहीतरी पुसायला."

लेक हसली. कितीतरी महिन्यांनी हसली असेल. फोन ठेवून दुकानदाराला म्हणाली, "आता बोलू या का मग?"

"बोलू की. मिस्टर कधी येतायत?"

"मिस्टर नाहीत."

"मग भाऊ?"

"भाऊ लांब असतो. घर मी बांधणार आहे. माझ्याशी बोला."

दुकानदाराने कानावरची पेन्सिल काढून दुसऱ्या कानाला लावली. "तसं नाही ताई. तुमच्याशी बोलतोयच की. पण व्यवहार म्हटला की घरातलं मोठं कोणी बरं असतं. उद्या शब्द इकडचा तिकडे झाला तर?"

"शब्द तुमचाच आहे. तो कशाला इकडेतिकडे होईल?"

मागे एक बाई फिसकन हसली. दुकानदाराने तिच्याकडे बघितलं आणि विषय बदलला. लेकीने मग जमीन फिरून पाहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण आलो ते दुकानाच्या मागच्या दारातून. या तुकड्याला रस्ताच नव्हता.

"वाट कुठून?"

"वाट आहे ना. त्या ओढ्याकडून."

"ती जमीन कोणाची?"

दुकानदार थुंकला. "आमच्या थोरल्याची. ओढ्यापलीकडच्या गावात गिरणी आहे त्याची. आमचं बोलणं नाही. पण तुम्हाला नाही म्हणणार नाही तो. तुमच्या वडिलांना मानायचा."

म्हणजे भावाभावांचं भांडण आणि मध्ये आपण. तिला हे कळत होतं. पण जागा सापडली होती. तिने गाडीला किल्ली मारली. बाया अजून हापशापाशीच उभ्या होत्या, रिकामी भांडी घेऊन. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत त्या तशाच बघत होत्या.

*

ओढ्यापलीकडे जायला पूल नव्हता. लांबून वळसा घालून जाईतो दुपार टळली. चढावर इंजिन तापलं. बाबा सांगायचे, हिला दर चढाला पाणी पाजायचं, म्हातारी आहे ती. लेकीने बाटल्या ओतल्या, वाफेने मनगट भाजून घेतलं आणि गिरणीपाशी पोचली तेव्हा केसांपासून चपलांपर्यंत धूळ झाली होती.

गिरणीवाला थोरला भाऊ भुवयांपर्यंत पिठाने पांढरा. त्याने पट्टा थांबवला. हापसेवाला गेल्याचं ऐकून तो खरोखर खाली बसला. "माणूस होता," म्हणाला. "माझ्या गिरणीचा पट्टासुद्धा एकदा बसवून दिला, आणि काही घ्यायला तयार नाही." लेकीला भरून आलं. तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि मग हळूच वाटेचं काढलं.

"कुठली वाट? धाकट्याच्या दुकानामागे?" गिरणीवाल्याचा चेहरा पिठाखाली लाल झाला. "तिथे कशाला जाल तुम्ही? पावसात कमरेएवढं पाणी असतं तिथे. त्याने सांगितलं नसेलच. आणि तुमच्या वडिलांनी तर जागा इथं बघून ठेवलीय!"

"इथं?"

"इथं म्हणजे काय, ह्या गिरणीमागे! पाणी प्यायले आणि म्हणाले, इथं घर बांधायला हरकत नाही. बायकोला विचारा माझ्या. अगं ए!"

बायको बाहेर आली, पदराला हात पुसत. "हो तर. मी होते ना. हापशाला तोंड लावूनच प्यायले होते. तेव्हापासून ह्यांनी तिथे जनावर बांधू दिलं नाही कुणाला. म्हणे, हापसेवाल्यांची जागा आहे."

लेक गिरणीमागे गेली. तिथे खरंच काही बांधलेलं नव्हतं. जमीन होती लाल, दगडाळ, उंचावर, आणि गिरणीच्या भिंतीला लागूनच. पट्टा सुरू झाला तशी जमीन पायाखाली थरथरायला लागली. पीठ उडून तिच्या पापण्यांवर बसलं. इथे आई बसेल? या थरथरत्या जमिनीवर, दिवसभर?

"एका अंगाने वारा वाहतो तेव्हा आवाज येत नाही," गिरणीवाला ओरडून म्हणाला.

"कधी वाहतो?"

"काय?"

"वारा, तसा! कधी वाहतो?"

"असतो की अधूनमधून!"

ती निघायला लागली तर बायांनी गाडीच अडवली. ह्यांचाही हापसा बंद होता. बाबा गेल्यापासून या सगळ्या पट्ट्यात कोणी फिरकलंच नव्हतं. लेकीने परोपरीने सांगितलं, मी लॅबमध्ये काम करते, मला यातलं येत नाही. एक ठसठशीत बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "येत नाही कसं? सुट्टीत यायचीस की बापाबरोबर. एवढुशी होतीस. पाना धरून उभी असायचीस. मी तुला काकडी दिली होती."

काकडी लेकीला आठवली. त्यामुळे नाही म्हणता येईना.

तिने पाना काढला. हापशाच्या डोक्यावरचं झाकण उघडायचं, साखळी सोडवायची, दांडा काढायचा, हे तिला माहीत होतं, म्हणजे बघून माहीत होतं. पहिला बोल्ट फिरेना. तिने पान्यावर अंगाचा भार टाकला. बाया, म्हातारे, गिरणीवाला, सगळे गोल करून उभे. पाना सटकला आणि तिची बोटं झाकणाच्या कडेवर आपटली. चार बोटांची साल निघाली. तिने हात काखेत दाबला, परत पाना घेतला, परत लावला. बोल्टच्या कडा झिजून गोल झाल्या आणि आता तो कोणालाच उघडता येणार नव्हता.

"राहू दे, राहू दे," एक म्हातारा म्हणाला. "बापाचा हात नाही आला हिला."

तो वाईट बोलला नव्हता. समजुतीनेच म्हणाला होता. लेकीने पाने गोळा केले, गाडीत फेकले आणि निघाली. स्टिअरिंगला रक्त लागलं होतं. ठसठशीत बाई खिडकीपाशी आली आणि तिने काही न बोलता एक धुतलेला फडका तिच्या मांडीवर टाकला.

*

पुढच्या गावात शाळेचे मास्तर भेटले. त्यांनी चष्मा पुसला, हापसेवाल्याबद्दल चार चांगले शब्द बोलले आणि तिला शाळेच्या भिंतीमागे घेऊन गेले. "आपल्या वडिलांनी ही जागा निश्चित केली होती," म्हणाले.

लेकीने विचारलं, "पाणी पिऊन झाल्यावर?"

"आपल्याला कसं कळलं?"

त्याच्या पुढच्या गावात एक वीटभट्टीवाला. त्याच्या पुढे गाडीवर भाजी विकणारी, तिची तर जागाच नव्हती, पण तिने शेजाऱ्याची दाखवली आणि वर म्हणाली, "तुझे बाबा म्हणाले होते, हरकत नाही. शेजाऱ्याची हरकत असली तर असू दे." एका ठिकाणी बाबांच्या नावाने दगड रोवून ठेवलेला. एका ठिकाणी तिला पाहून सख्खे चुलतभाऊ भांडायला लागले, की हापसेवाल्यांनी बोट दाखवलं ते चिंचेच्या इकडे की तिकडे. ती मध्ये उभी, डोक्यावर ऊन, आणि दोघेही तिला विचारतायत, "तुम्हीच सांगा ना ताई, कुठे म्हणाले ते?"

"मला काय माहीत!" ती ओरडली. ती सहसा ओरडत नसे. चुलतभाऊ एकदम एक झाले आणि तिच्याकडे, आली मोठी भांडकुदळ, अशा नजरेने बघायला लागले.

कुठली जागा पाण्यात जाणारी, कुठली वाटेविना, कुठलीवर पाच जणांचा हक्क आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. प्रत्येक ठिकाणी बाबा पाणी प्यायले होते आणि प्रत्येक ठिकाणी लोक ते वाक्य जपून बसले होते. आणि प्रत्येक ठिकाणी मिस्टर कधी येणार ते विचारत होते.

शनिवारी सकाळी तिने रस्त्याकडेला गाडी लावली. पाठ धरली होती. बोटांवर खपल्या धरल्या होत्या आणि मूठ वळली की त्या उलायच्या. तिने आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला. "प्रत्येक गावात, आई! प्रत्येक गावात एक जागा! काय खेळ मांडला होता का बाबांनी?"

आई शांतपणे म्हणाली, "अगं, ते त्यांचं नेहमीचंच. हापसा चालू झाला की पहिलं पाणी प्यायचे आणि म्हणायचे, इथं घर बांधायला हरकत नाही. पाणी गोड आहे म्हणायची त्यांची तऱ्हा ती. या खोल्या बघायला आलो तेव्हा जिन्याखालच्या नळाचं पाणी पिऊनही तेच म्हणाले होते."

एक ट्रक शेजारून गेला, गाडी हलली, मागे पाने वाजले.

"तुला हे माहीत होतं?"

"माहीत म्हणजे... हो."

"मग मला निघताना का नाही सांगितलंस? आठवडा झाला मी उन्हातान्हात फिरतेय. हात फोडून घेतला. लोकांची बोलणी खाल्ली. का नाही सांगितलंस?"

आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, त्यांतली एखादी खरी असेल."

लेकीने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं.

"ये आता घरी," आई म्हणाली. "मी बोचकी बांधायला घेतलीत. दादा उद्या येतोय. आणि चादर बघितलीस का?"

"नाहीये चादर, आई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

*

परतीचा जवळचा रस्ता एका लांबच लांब चढावरून जात होता. गाडीने अर्ध्यात दम टाकला. काटा लालात गेला, टोपणातून वाफ फुसफुसायला लागली. बाटल्या रिकाम्या. लेकीने कपाळाला हात लावला. मग तिला वरच्या अंगाला पत्र्याचं एक घर दिसलं, एकटंच, आणि त्याच्यापुढे हापसा. तिने गाडी कशीबशी तिथवर रेटली.

ती उतरतच होती तेवढ्यात घरामागून एक बाई तरातरा आली. साठीच्या पुढची, चपट्या चेहऱ्याची, हातात काठी, मागे शेळ्या.

"आलात का एकदाचे!" ती लांबूनच ओरडली. "उचला! आत्ताच्या आत्ता उचला ते सगळं! माझी शेळी पाय मोडून बसली त्यात अडकून! किती दिवस झाले? नेतो नेतो म्हणून..." जवळ आल्यावर ती थांबली. "तू कोण?"

"त्यांची लेक."

"बापाला पाठव."

"बाबा गेले हो. थंडीत."

शेळीवालीने काठी टेकली. एक शेळी येऊन लेकीच्या ओढणीचं टोक चघळायला लागली, ते दोघींपैकी कोणी सोडवलं नाही.

"मग आता हे कोण उचलणार?" शेळीवाली म्हणाली.

आठवड्याभरात हा एकच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर लेकीला देता येत होतं. "मी उचलते. काय आहे?"

"आधी पाणी पी. तोंड बघ कसं झालंय."

हापसा दोन दांड्यांत पाणी द्यायला लागला. दांडा हलका, ना करकर ना खडखड. आठवडाभरात बघितलेल्यांपैकी हा एकच चालू हापसा. "हा कसा नाही बिघडला?" तिने विचारलं.

"तुझा बाप बिघडू देईल तर ना! चांगला चालत असला तरी उघडून बसायचा. मी म्हणायची, अरे बाबा, कशाला खाजवून खरूज काढतोस?"

लेक पाणी प्यायली. गार होतं, किंचित लोखंडी. तिने तोंड पुसलं आणि जरा कडवटपणेच विचारलं, "आणि मग म्हणाले असतील, इथं घर बांधायला हरकत नाही."

"नाही बाई. असं काही नाही म्हणाला."

"कधीच नाही?"

"नाही. पाणी प्यायचा आणि गप्प. नुसता तिथे," तिने काठीने घरापलीकडचा उतार दाखवला, "तिथे बसून राहायचा. आणि मग प्रश्न विचारून डोकं खायचा. पावसाचं पाणी इकडून कुठं जातं? उन्हाळ्यात सावली कुठवर येते? हा उतार कुणाचा? अरे, माझा आहे, बांधापर्यंत, कितीदा सांगू! परत पुढच्या खेपेला तेच. आणि दर खेपेला काहीतरी आणून टाकायचा. मावशी, राहू दे का इथं, पुढच्या वेळी नेतो. जावई म्हणतो भंगारात घालू. मी घालू नाही दिलं. दुसऱ्याची वस्तू. पण आता ने बाई."

घरामागे भिंतीला लागून पाइपांचा ढीग होता. जुने, हापशांतून काढलेले, गावांनी टाकून दिलेले. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर दगड. एक कोपरा शेळ्यांनी फाडलेला. लेकीने दगड काढले, कागद ओढला. विंचू असेल म्हणून शेळीवालीने काठीने ढोसून घेतलं. मग दोघींनी एकेक पाइप उचलायला सुरुवात केली. एक टोक हिच्याकडे, दुसरं तिच्याकडे. शेळीवाली चालता चालता बोलत होती, शेळीच्या पायाबद्दल, जावयाबद्दल, गुडघ्याबद्दल. लेक ऐकत नव्हती. तिला फक्त गाडी भरून निघायचं होतं. हौदा निम्मा भरला. खपल्या परत उलल्या.

हात घसरू नये म्हणून तिने एका पाइपाला टोकाला धरलं आणि तिच्या मुठीत लोखंडाच्या जागी कापड आलं. टोकाला चिंधी गुंडाळून वर तारेने आवळलं होतं. तिने दुसरं टोक पाहिलं. तिथेही. ढिगातल्या बाकीच्या पाइपांनाही, दोन्ही टोकांना.

"थांबा जरा," ती म्हणाली.

तिने तार उलगडली. चिंधी ग्रीसने काळी पडली होती, पण आतला पदर स्वच्छ होता. पांढऱ्यावर निळे ठिपके. त्याच्याखाली पाइपावर नवे आटे, एकात एक फिरवून बसवायच्या खाचा, पाडलेले, चकचकीत, बोट फिरवलं तर बोचतील असे. तिने तो पाइप दुसऱ्याशेजारी ठेवला. दोन्ही एका मापाचे. तिसराही. त्याखाली आखूड पाइपांचा थर, तेही एका मापाचे. तळाला एका डब्यात पाइप जोडायची कपलिंगं, तीही त्याच ठिपक्यांत गुंडाळलेली.

लहानपणी ती बाबांबरोबर आटे पाडायला बसायची. बाबा दांडा फिरवायचे, ती थेंबथेंब तेल सोडायची. भंगाराचे आटे कोणी जपत नाही. आटे जपायचे ते जोडून काही उभं करायचं असेल तेव्हाच.

ती तिथेच जमिनीवर बसली. समोर उतार होता. सुकं गवत, मधून वर आलेले सपाट खडक, खाली लांब रस्ता. बाबा इथे बसायचे. बाकी सगळीकडे एक ओंजळ पाणी पिऊन ते वाक्य देऊन मोकळे झाले आणि इथे काही बोललेच नाहीत. सगळं जुळू दे, म्हणायचे. हे जुळवत होते.

रडू तिला आताही आलं नाही. चार महिने आलं नव्हतं, आणि त्याची तिला सवय झाली होती. फक्त ती चिंधी तिने पिळल्यासारखी मुठीत धरली होती.

"चक्कर आली का?" शेळीवालीने विचारलं. "ऊन लागलं असेल. जेवलीस का सकाळपासून?"

लेक उठली. हौद्याकडे गेली, चढली आणि वरचा पाइप उचलून परत खाली द्यायला लागली.

"अगं अगं, हे काय? भरलेलं उतरवतेस?"

"धरा ना मावशी."

"वेड लागलं का? माझ्या शेळ्या..."

"शेळ्यांच्या आड येणार नाही असे लावते. नीट रचते. धरा."

शेळीवालीने बोटं मोडत का होईना, धरलं. बापलेक दोघेही एकाच माळेचे मणी, म्हणाली. आधी आणायचं काय, भरायचं काय, उतरवायचं काय. माझा काही गुडघा आहे की नाही? पण पाइप परत भिंतीला लागले, ह्या खेपेला आडवे, एकावर एक, कडेला दगडांची ओळ. लेकीने कागदाचा फाटका कोपरा दुमडून आत घेतला. सगळं होईतो फोन वाजला. आई.

"निघालीस का? दादाचा फोन होता. सकाळीच पोचतो म्हणाला."

"आई, तुझी चादर सापडली."

"कुठे गं?"

लेकीने उताराकडे पाहिलं. "बाबांनी पट्ट्या केल्यात तिच्या."

"फाडली? चांगली चादर ती!" आई चिडली, आणि मग तिचा आवाज बदलला. "कशाला पण?"

"आल्यावर सांगते. पाणी गार आहे इथलं. जरासं लोखंडी. तुला चालेल."

मग आईने विचारलं, "दादाला काय सांगू?"

"बोचकी सोडू नकोस. पण त्याला सांग, घाई करू नको. मी येतेय."

तिने फोन ठेवला, बाटल्या भरल्या आणि गाडीला पाणी पाजलं. शेळीवाली उंबऱ्याशी टेकून गुडघा चोळत होती. लेक तिच्याशेजारी जाऊन बसली. मोडक्या पायाची शेळी लंगडत आली आणि दोघींच्या मध्ये बसली.

"मावशी," लेक म्हणाली, "पावसाचं पाणी इकडून कुठं जातं हो?"

शेळीवालीचा चोळणारा हात थांबला. तिने लेकीकडे पाहिलं, तिच्या फुटलेल्या बोटांकडे पाहिलं, भिंतीला लावलेल्या ढिगाकडे पाहिलं.

"झालं," ती म्हणाली. "ही पण सुरू झाली. विकायची नाहीये मला, आधीच सांगते."

"मी कुठे विकत मागितली? नुसतं विचारलं."

"तो पण नुसतंच विचारायचा." ती जरा वेळ पुटपुटत राहिली. मग काठी उचलून तिने उताराच्या वरच्या टोकाकडे रोखली. "तो काळा खडक दिसतो? तिथून येतं. नीट बघ, परत परत सांगणार नाही मी."

लेक नीट बघू लागली.